फायनल इयर पास होऊन गेलं, पेशंट खुर्चीतच: केस हँडओव्हर शिकवायचा कसा आणि मार्क कशाला द्यायचे?

चेअरसाइड

नमस्कार मंडळी. मी डेंटल कॉलेजात शिकवते, आमचं कॉम्प्रिहेन्सिव्ह क्लिनिक आहे म्हणजे एक पेशंट एकाच विद्यार्थ्याकडे, स्केलिंगपासून क्राऊनपर्यंत सगळं त्यानेच करायचं. कल्पना छानच आहे पण दर वर्षी एक दिवस असा येतो की फायनल इयरवाले जातात आणि प्रत्येकाच्या मागे दहा-बारा अर्धवट पेशंट उरतात. ते खालच्या बॅचला वाटायचे. याला आम्ही केस ट्रान्सफर किंवा हँडओव्हर म्हणतो, आणि खरं सांगायचं तर ते फाइलींचं ट्रान्सफर असतं, पेशंटचं नाही.

आत्ता धागा काढायचं कारण. मागच्या बॅचमधल्या एकाच्या पेशंटचं ३६ चं (खालची डावी पहिली दाढ) ओपनिंग झालेलं, म्हणजे रूट कॅनलसाठी (आरसीटी) दात उघडलेला, कॅनलमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध, वर टेम्पररी फिलिंग. केस पेपरवर शेवटची नोंद काय, तर "३६ आरसीटी चालू. पुढील ट्रीटमेंट सुरू ठेवणे." खाली माझीच सही, हे आधी कबूल करते. नव्या विद्यार्थ्याने पेशंटला फोन केला तो चार महिन्यांनी, कारण त्याच्या यादीत हा पेशंट अकरावा होता आणि तो वरून खाली जात होता. तोवर टेम्पररी कधीच निघून गेलेली, दाताचा तुकडा उडालेला, फ्रॅक्चर हिरडीच्या खाली. दात काढावा लागला.

दोन्ही पोरं हुशार आहेत, कोणी कामचुकार नाही. ज्याने दिला त्याला वाटलं लिहिलंय की, ज्याने घेतला त्याला वाटलं चालू आहे म्हणजे चालू आहे. "हा दात थांबू शकत नाही" हे एक वाक्य कुठेच नव्हतं.

तर प्रश्न असे: हे शिकवता कसं? नुसता फॉर्म दिला की पोरं फॉर्म भरतात. आणि परीक्षेत याला मार्क द्यायचे तर नक्की काय तपासायचं, फॉर्म पूर्ण भरलाय का, बोलला छान का, की आणखी काही?

अक्कलदाढ

मॅम मी घेणाऱ्या बाजूची आहे, थर्ड इयर संपवून आत्ताच क्लिनिकला लागले. मला नऊ पेशंट मिळाले. त्यातल्या सहा जणांचा हँडओव्हर कसा झाला सांगू का, सीनियर कॉरिडॉरमध्ये भेटले, बॅग खांद्यावर, म्हणाले सगळं फाइलमध्ये आहे गं, काही लागलं तर मेसेज कर. आणि गेले. मी पण हो हो म्हटलं कारण तेव्हा मला काय विचारायचं हेच माहीत नव्हतं. वर्किंग लेंथ (कॅनलमध्ये किती खोल जायचं ती लांबी) म्हणजे काय ते पुस्तकात वाचलेलं होतं, पण ती दाताच्या कुठल्या कस्पवरून (टोकावरून) मोजली ते विचारायचं असतं हे मला पेशंटचं तोंड उघडल्यावर कळलं.

आम्हाला हँडओव्हर द्यायला निदान एक फॉर्म आहे, घ्यायला काहीच नाही. घेणाऱ्याने काय करायचं तर सही. आणि सीनियरला प्रश्न विचारायची भीती वाटते हो, वाटतं त्यांना वाटेल हिला एवढं पण कळत नाही.

टेम्पररी_फिलिंग

"काही लागलं तर मेसेज कर" 😂 हे आमच्या कॉलेजचं ब्रीदवाक्य आहे. ब्लू टिक येते, उत्तर येत नाही.

वॉर्डवासी

मी डेंटलचा नाही, मेडिसिनवाला. आमच्याकडे हँडओव्हर दिवसातून दोनदा होतो त्यामुळे यावर डोकेफोड बरीच झालेली आहे, जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे एसबार. सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन. हे मूळचं अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांमधलं, तिथून हॉस्पिटलांत आलं. सगळीकडे पोस्टर लावलेलं असतं. पण ते एका तातडीच्या फोनसाठी चांगलं आहे, रात्री दोनला सीनियरला उठवून काय सांगायचं त्यासाठी. दहा पेशंट सोपवायला ते तोकडं पडतं असं माझं मत.

दुसरं आय-पास. यात पहिलंच अक्षर इलनेस सेव्हरिटी, म्हणजे पेशंट किती गंभीर, मग पेशंट समरी, मग ॲक्शन लिस्ट, मग काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगणं. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये याचा मोठा अभ्यास आला, ९ हॉस्पिटलांतले बालरोग विभाग, १०,७४० ॲडमिशन्स. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी, टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी कमी, आणि हँडओव्हरला वेळ जास्त लागला नाही. लोक हे आकडे सांगतात आणि पाच अक्षरांचं कार्ड छापून मोकळे होतात. तिथे नुसतं कार्ड नव्हतं हो. दोन तासांची कार्यशाळा, एक तास रोल-प्ले, शिक्षकांचं वेगळं ट्रेनिंग, आणि शिक्षकांनी शेजारी उभं राहून हँडओव्हर ऐकून फीडबॅक देणं, असं सगळं मिळून ते होतं.

चेअरसाइड, तुमच्या किश्श्यात पहिलं आणि शेवटचं अक्षर गायब आहे बघा. किती गंभीर ते सांगितलं नाही आणि परत सांग म्हणून कोणी म्हटलं नाही.

अजून एक, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. २०१० साली पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये आलेला एक अभ्यास आहे, इंटर्न्सना हँडओव्हर दिल्यावर विचारलं की या पेशंटबद्दल सगळ्यात महत्त्वाचं काय सांगितलंत, आणि घेणाऱ्याला विचारलं काय ऐकलंत. ६० टक्के वेळा ती सगळ्यात महत्त्वाची गोष्टच पोचलेली नव्हती. आणि देणाऱ्याला मात्र खात्री की मी सांगितलंय. त्यामुळे "हँडओव्हर नीट दिला का" हे देणाऱ्याला विचारण्यात काही अर्थ नाही.

चेअरसाइड

वॉर्डवासी, खूप आभार, ६० टक्क्यांचं वाचून दचकले. पण एक फरक सांगते. तुमच्याकडे देणारा आठ-बारा तासांनी परत येतो, पेशंट बेडवर असतो, नर्स असते, चार्ट असतो. आमच्याकडे देणारा परत येत नाही. पेशंट घरी असतो. मधे दोन आठवडे ते दोन महिने काहीच घडत नाही, म्हणजे घडत असतं, पण तोंडात, कोणी बघत नसताना. आणि गंभीर म्हणजे काय हेही वेगळं. आमचा पेशंट चालत येतो, गप्पा मारतो, कोणालाच तो सीरियस वाटत नाही. विद्यार्थ्याला सांगितलं की गंभीरता लिही तर सगळ्यांपुढे "स्टेबल" लिहून मोकळे!

पंधरा नंबर फाइल

एंडोवाली (रूट कॅनल विभागातली) बोलतेय. मॅम, गंभीरता शब्द सोडून द्या. मी पोरांना विचारते, हा पेशंट उद्यापासून सहा महिने आलाच नाही तर काय होईल? लगेच उत्तरं येतात. अमाल्गम पॉलिश राहिलंय, काही होणार नाही. ओपन केलेला दात टेम्पररीवर आहे, लीक होईल, मोडेल. आरसीटी पूर्ण झालीय पण वर पक्कं फिलिंग नाही, हे तर सगळ्यात फसवं, कारण केस पेपरवर "आरसीटी कम्प्लीट" लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं झालं काम. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बायोप्सी पाठवलीय, रिपोर्ट यायचाय, आणि रिपोर्ट ज्या विद्यार्थ्याच्या नावावर येणार तो कॉलेज सोडून गेला. ओरल मेडिसिनमध्ये पांढऱ्या चट्ट्याची बायोप्सी अशी ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली मी पाहिलीय, नशिबाने रिपोर्टमध्ये काही वाईट नव्हतं. ते नशीबच, सिस्टिम नव्हे.

आता एंडोच्या केसमध्ये काय सांगावं लागतं. वर्किंग लेंथ कॅनलप्रमाणे, आणि रेफरन्स पॉइंट. नुसतं "एमबी २०", म्हणजे एमबी कॅनल वीस मिलिमीटर, असं लिहिलं तर त्याला काडीचा अर्थ नाही, कारण ती कस्प नंतर कमी केली असेल तर ते वीस कुठून मोजायचे? मास्टर एपिकल फाइल (कॅनलच्या टोकापर्यंत गेलेली सगळ्यात जाड सुई) किती नंबरची. कोणता कॅनल सापडला नाही, की शोधलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि केस पेपरवर दोन्ही सारख्याच दिसतात. आत औषध कोणतं, कुठल्या तारखेला, वर टेम्पररी कशाची आणि किती जाड. फाइल कॅनलमध्ये तुटली असेल तर ते, आणि पेशंटला ते सांगितलंय का ते. शेवटचं तर कोणीच सांगत नाही, आणि मग नव्या पोराने एक्सरे दाखवला की पेशंट म्हणतो हे तारेसारखं काय आहे आत.

आणि "का". त्या दिवशी ऑबच्युरेट न करता (कॅनल कायमचा न भरता) औषध का ठेवलं? कॅनल ओला होता की वेळ संपली? वेळ संपली असेल तर तसं लिहा ना, लाज कसली. घेणाऱ्याला पुढच्या वेळी काय करायचं ते त्या एका शब्दावर ठरतं.

वॅक्स नाइफ

प्रॉस्थो (कृत्रिम दातांचा विभाग) इकडे. आमच्याकडचं दुखणं आणखी निराळं, आमचं अर्धं काम कागदावर उतरतच नाही. कम्प्लीट डेंचरची (पूर्ण कवळीची) केस जॉ रिलेशननंतर (वरचा-खालचा जबडा कसा जुळतो ते मोजल्यावर) दुसऱ्याकडे गेली की मी कपाळाला हात लावते. व्हर्टिकल (दोन जबड्यांमधली उंची) किती घेतली ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, पण ती घेताना आजोबा मान खाली घालून बसले होते, तीनदा घेतली आणि तीनदा वेगळी आली, शेवटी मधली धरली, हे कुठे लिहिलंय? ज्याने घेतली त्यालाच माहीत की या आकड्यावर फार भरवसा ठेवू नको. आकडा पोचतो, त्याबद्दलची शंका पोचत नाही. माझ्या मते हँडओव्हरमधली सगळ्यात मौल्यवान वस्तू ही शंकाच आहे आणि विद्यार्थी नेमकी तीच लपवतात, कारण तो फॉर्म मॅडम वाचणार असतात.

शिवाय पेशंटला काय कबूल केलंय ते. एका आजींना आधीच्या मुलाने "पुढच्या दातात थोडी फट ठेवू, तुमच्या जुन्या दातांसारखी" असं सांगितलं होतं. नव्या मुलीने सुंदर सरळ दात लावून ट्राय-इन (कच्ची कवळी) दाखवलं. आजी रडल्याच. चूक कोणाचीच म्हणता येईना.

तिरके दात

ऑर्थोचा (वाकडे दात सरळ करणाऱ्या विभागाचा) मुद्दा राहिला म्हणून लिहितो. आमची ट्रीटमेंट दीड-दोन वर्षं किंवा जास्तच चालते, पीजी तीन वर्षांत जातो, म्हणजे हँडओव्हर अपवाद नाही तर नियमच आहे. पेशंट गाव, देश बदलतात, तेव्हा बाहेरचे पण येतात.

तर दातांचे नंबर. आपण एफडीआयचे दोन आकडी वापरतो, अमेरिकेत युनिव्हर्सल म्हणजे १ ते ३२. "एक्स्ट्रॅक्ट १४" अशी चिठ्ठी आली. एफडीआयमध्ये १४ म्हणजे वरचा उजवा पहिला प्रीमोलर (दाढेच्या पुढचा छोटा दात), ऑर्थोसाठी नेहमी काढतात तो. युनिव्हर्सलमध्ये १४ म्हणजे वरची डावी पहिली दाढ. आणि २४? एफडीआयमध्ये वरचा डावा पहिला प्रीमोलर, युनिव्हर्सलमध्ये खालचा डावा मधला पुढचा दात! दोन्ही आकडे दोन्ही पद्धतींत आहेत म्हणून चूक आहे असं वाटतही नाही. मी विद्यार्थ्यांना सांगतो, काढायचा दात असेल तर नंबर आणि शब्द दोन्ही लिहा, आणि तोंडी सांगताना "चौदा" नाही, "एक चार" म्हणा. एफडीआय तसंच वाचायचं असतं, पहिला आकडा क्वाड्रंट (तोंडाच्या चार भागांपैकी कोणता), दुसरा दात.

ऑर्थोत जवळपास कुठलाही घोळ नंतर निस्तरता येतो, काढलेली दाढ सोडून.

खुर्चीतला माणूस

मी डॉक्टर नाही, डेंटल कॉलेजचा जुना पेशंट. धागा वाचून गंमत वाटली आणि थोडा रागही आला. माझे तीन वेळा विद्यार्थी बदलले. प्रत्येक नवा पहिल्यापासून विचारतो, बीपी आहे का, शुगर आहे का, गोळ्या कोणत्या, कुठला दात दुखतो. दोनदा सगळ्या तोंडाचे तेच एक्सरे. मला एकदाही कोणी सांगितलं नाही की आधीचा मुलगा आता येणार नाही. मी अपॉइंटमेंटला गेलो तर खुर्चीशी दुसरीच मुलगी. चांगली होती ती, पण मला वाटलं आपण कुणाला नकोसे झालो.

एक विचारतो, तुम्ही दोघं विद्यार्थी एकमेकांना सांगता ते माझ्यासमोर का नाही सांगत? मधले दोन महिने दात माझ्याच तोंडात असतो ना. मला कोणी सांगितलं असतं की ही वरची टेम्पररी निघाली तर लगेच या, तर मी आलो असतो की.

अक्कलदाढ

काका, हे वाचून मी माझ्या नऊही पेशंटना आज फोन केले.

व्हायव्हा

मी असेसमेंटवाला माणूस, मार्कांचा प्रश्न माझ्याकडे आलाच पाहिजे.

मिलरचा १९९० चा पिरॅमिड (कौशल्य तपासायच्या चार पायऱ्या) बहुतेकांना माहीत असेल, माहीत आहे, कसं करायचं माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो. आपण हँडओव्हरची थिअरी विचारतो ती तळाशी. ऑस्की स्टेशन (ठरावीक वेळेत एकेक काम करून दाखवायची परीक्षा, हार्डनने १९७५ मध्ये मांडलेली) हे करून दाखवतो या पायरीवर. आणि कॉरिडॉरमध्ये बॅग खांद्यावर घेऊन जे होतं ते सगळ्यात वरचं, ते कोणीच बघत नाही. नुसतं ऑस्की घेतलं तर पोरं दहा मिनिटं अभिनय करतात. हाताला सॅनिटायझर, नाव सांगून ओळख, आय-पासची पाचही अक्षरं, फुल मार्क. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉर.

तयार साधनं आहेत. हँडऑफ-सीईएक्स म्हणून एक आहे, मिनी-सीईएक्सच्या (विद्यार्थ्याला पेशंटसोबत प्रत्यक्ष पाहून मार्क द्यायच्या पद्धतीच्या) धर्तीवर, २०१३ च्या सुमाराला आलं, नऊ पॉइंटांचा स्केल, जागा कशी होती, मांडणी, बोलणं, आशय, क्लिनिकल जजमेंट, प्रोफेशनलिझम असे भाग. मला त्यातलं एक फार आवडलं, देणाऱ्याचा फॉर्म वेगळा आणि घेणाऱ्याचा वेगळा. अमेरिकन मेडिकल कॉलेजांनी २०१४ मध्ये जी १३ मूलभूत कामं ठरवली, पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला जमलीच पाहिजेत अशी, त्यात आठवं काम हँडओव्हर "देणं किंवा घेणं" असं आहे. अक्कलदाढ म्हणतेय ते बरोबर आहे, घेणं ही शिकवायची गोष्ट आहे, आपण ती सहीवर भागवतो.

पण स्केलचा त्रास सांगतो. नऊ पॉइंट दिले की सगळ्यांना सात नाहीतर आठ मिळतात. मी पण देतो. समोरचा पोरगा नर्व्हस असतो, बरा बोलतो, सहा द्यायला हात जात नाही. आणि दोन शिक्षक एकाच हँडओव्हरला वेगळे मार्क देतात कारण एंडोवाली वर्किंग लेंथ ऐकत असते आणि प्रॉस्थोवाली पेशंटला काय कबूल केलं ते. आधी शिक्षकांना एकत्र बसवून तेच तीन व्हिडिओ दाखवून, मार्क देऊन, भांडून घ्यायला लागतं. ते भांडण झालं नाही तर पुढचे मार्क फुकट.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. देणाऱ्याचं बोलणं मोजूच नका. घेणारा काय घेऊन गेला ते मोजा. हँडओव्हरआधी देणाऱ्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, या पेशंटबद्दल सगळ्यात महत्त्वाच्या तीन गोष्टी. पाकीट बंद. हँडओव्हर होऊ द्या. मग घेणाऱ्याला वेगळं बसवून विचारा, पहिलं काय करणार, कधीपर्यंत, कशाची भीती आहे. पाकीट उघडा. जुळलं तर जुळलं. मार्क दोघांना एकच. देणारा म्हणेल मी सांगितलं होतं, सांगितलं असेल, पोचलं नाही.

टेम्पररी_फिलिंग

दोघांना एकच मार्क 😳 म्हणजे माझा ज्युनियर ढ निघाला तर माझे मार्क गेले?

व्हायव्हा

पेशंटचा दात गेला तर तो अर्धा जातो का?

सही_द्या_सर

सगळं वाचलं. छान चाललंय, पण मूळ दुखण्याला कोणी हात लावत नाहीये म्हणून वाईट बोलतो. विद्यार्थी हँडओव्हर नीट देत नाही कारण त्याला त्याचं काही मिळत नाही. त्याला मिळतं रिक्वायरमेंटचं, म्हणजे ठरवून दिलेल्या कोट्याचं. इतक्या आरसीटी, इतके क्राऊन, इतक्या आरपीडी (अर्धवट कवळ्या). अर्धी आरसीटी कोणाच्या कोट्यात धरायची? सुरू करणाऱ्याच्या की संपवणाऱ्याच्या? आमच्याकडे संपवणाऱ्याच्या. त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांत काय होतं, सोप्या केस घाईघाईत संपवायच्या, अवघड पेशंट गोड बोलून पुढे ढकलायचे, आणि हँडओव्हरला त्यांचं वर्णन असं करायचं की कुणीतरी घेईल. घर विकताना ओल सांगतो का कोणी? मी स्वतः एक पेशंट "को-ऑपरेटिव्ह" म्हणून दिलाय जो चारपैकी तीन वेळा यायचाच नाही. आज लाज वाटते.

आणि घेणारा पण पेशंट घेत नाही, केस घेतो. "क्राऊन आहे का? मग दे." त्याच माणसाच्या हिरड्यांतून रक्त येतंय, ते कोणाच्याच कोट्यात नाही.

तेव्हा पाकिटं वगैरे ठीक आहे, पण आधी नीट सोपवलेला पेशंट हीसुद्धा एक रिक्वायरमेंट धरा. मग बघा.

पंधरा नंबर फाइल

सही_द्या_सर यांना कडक अनुमोदन. एक जोडते, हे खोटं मुद्दाम बोललेलंच असतं असं नाही. जुनी नोंद कॉपी करत करत पुढे जाते. एक उदाहरण, हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेली पेशंट, पेनिसिलिनची ॲलर्जी, फाइलमध्ये तीन बॅचपूर्वीची ओळ: "प्रत्येक एक्स्ट्रॅक्शनआधी क्लिंडामायसिन." लिहिली तेव्हा ती बरोबरच होती. पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये क्लिंडामायसिन या कामासाठी (हृदयाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून) सुचवणं बंद केलं. प्रत्येक जण ओळ इमानदारीत पुढे उतरवत गेला, फॉर्म पूर्ण, मार्क पूर्ण. घेणाऱ्याने "हे अजून असंच आहे का?" एवढं विचारायला हवं होतं. घेणाऱ्याचं काम नुसतं ऐकणं नाहीये.

वॉर्डवासी

याच्या उलट टोकाचंही बघा म्हणजे लोक कागदच फेकून देणार नाहीत. २००५ मध्ये नर्सिंगमध्ये एक प्रयोग झाला, १२ काल्पनिक पेशंट, पाच फेऱ्यांत एकाकडून दुसऱ्याकडे. फक्त तोंडी सांगितलं तेव्हा पाचव्या फेरीपर्यंत जवळपास सगळी माहिती गळून गेली. छापील कागद हातात असताना जवळपास सगळी टिकली. तर कागद हवाच. कागद आकडे सांभाळतो, माणसाने शंका सांभाळायची. वॅक्स नाइफ म्हणाल्या ना तेच.

चेअरसाइड

बरेच दिवस इकडे यायला जमलं नाही, कारण करून बघत होते. उशिराबद्दल सॉरी.

जे केलं ते सांगते. आधी प्रत्येक फायनल इयरवाल्याला त्याची पूर्ण यादी घेऊन बसवलं आणि पंधरा नंबरचा प्रश्न विचारला, सहा महिने आला नाही तर काय होईल. त्यावरून यादीचा क्रम बदलला. तेवढ्यानेच डोळे उघडले, एकाच्या यादीत खालून दुसरा पेशंट असा निघाला की ज्याचा क्राऊन प्रेप करून (क्राऊनसाठी दात घासून) टेम्पररी क्राऊन लावलेला, इम्प्रेशन लॅबला, आणि लॅबमधून काम परत येऊन कपाटात पडलेलं. कोणालाच पत्ता नाही.

मग वरच्या दोन-तीन पेशंटचा हँडओव्हर खुर्चीशी, पेशंट समोर. बाकीच्यांचा कागदावर आणि फोनवर, सगळ्यांना बोलवायला वेळच नाही, उगाच खोटं कशाला सांगू. खुर्चीशी देणारा सांगतो, घेणारा परत सांगतो, आणि मग पेशंटला विचारायचं, यांनी काही सोडलं का? मंडळी, पेशंट काय काय सांगतात! एका बाईंनी सांगितलं की मला भूल नीट चढत नाही, याने मागच्या वेळी तीनदा दिली. केस पेपरवर अवाक्षर नाही. एकाने सांगितलं रक्त पातळ करायची गोळी गेल्या महिन्यात सुरू झालीय. देणाऱ्याची मेडिकल हिस्टरी वर्षापूर्वीची.

एक तोटाही झाला. पेशंटसमोर पोरं शंका बोलत नाहीत. "माझी व्हर्टिकल चुकली असेल" असं आजोबांसमोर कोण म्हणणार? म्हणून दोन मिनिटं दोघांनी बाहेर बोलायचं, असं मागून जोडलं. त्या दोन मिनिटांत मी जात नाही, मुद्दाम. मी असले की शंका पुन्हा फॉर्ममध्ये जाऊन लपतात.

पाकीट पण केलं. व्हायव्हा, तुमचं म्हणणं पटलं, पण पहिल्या खेपेला मार्क दिले नाहीत, नुसतं उघडून दोघांना दाखवलं. एका जोडीत देणारीने लिहिलेलं पहिलं महत्त्वाचं, "डिस्टल कॅनलमध्ये लेज आहे, जोर लावू नको." (लेज म्हणजे कॅनलच्या भिंतीत पडलेली खाच, फाइल तिथे अडते.) घेणाऱ्याने लिहिलेलं, "पेशंटला सकाळची वेळ लागते." तिने सांगितलं होतं, मी तिथेच होते, ऐकलंय मी. पण आठ गोष्टींत सातवी म्हणून, त्याच सुरात. तेव्हा ती स्वतःच म्हणाली, मॅम मी सगळंच सांगितलं म्हणून काहीच नाही सांगितलं. पुढच्या पेशंटला तिने आधी तेच सांगितलं, बाकी कागदावर सोडून.

मार्कांचं अजून भांडण चालू आहे. कोट्यात धरायचा विषय मीटिंगमध्ये मांडला, एंडो हो म्हणाले, दोन डिपार्टमेंट नाही म्हणाले, पुढच्या मीटिंगवर गेलं. सही_द्या_सर, तुमचं वाक्य नाव न घेता वाचून दाखवलं, शांतता पसरली होती.

वॅक्स नाइफ

बाहेरची दोन मिनिटं मी उचलतेय. नाही म्हणणारं एक डिपार्टमेंट बहुतेक प्रॉस्थोच असणार, ओळखते मी आमची माणसं.

खुर्चीतला माणूस

"यांनी काही सोडलं का?" बरं वाटलं वाचून.

अक्कलदाढ

मॅम, फोनचं सांगायचं राहिलं. नऊपैकी सात आले. आठव्या काकू बाहेरगावी आहेत, नवव्याचा नंबरच बंद. त्यांचं ४६ ओपन आहे. फाइलमध्ये दुसरा नंबर नाही. सीनियरला मेसेज केलाय.

टेम्पररी_फिलिंग

ब्लू टिक आली का?

अक्कलदाढ

आली. उत्तर पण आलं, त्यांच्याकडे मुलीचा नंबर होता. उद्या दुपारी येतायत.

पंधरा नंबर फाइल

शाब्बास. आता सीनियरला लगेच विचार, ऑनलाइन आहे तोवर, वर टेम्पररी कशाची आणि कॉटन पेलेट ठेवलंय का. आणि रेफरन्स कस्प!